चार सूत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, कटिंगवाले काकांचे. ऐकणाऱ्याला वाटतं, चहावाला असणार. मलाही तसंच वाटलं होतं. ऐंशी सालाच्या आसपास मी वाशीत खोली शोधत हिंडत होतो. बस स्टॉपजवळच्या पानवाल्यानं पत्ता दिला आणि म्हणाला, "कटिंगवाले काका. मागची खोली भाड्यानं देतात. माणूस चांगलाय, पण थोडा सर्किट आहे. टेन्शन घेऊ नको." मी मनात म्हटलं, चला, चहाची तरी सोय झाली.

दार उघडलं ते बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेल्या एका काडीसारख्या माणसानं. हातात स्टीलची फूटपट्टी. मी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी दिलेलं शिफारसपत्र पुढे केलं. त्यांनी ते वाचलं नाही. डोळ्यांसमोर आडवं धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वहीतलं पान. शिवणीकडून फाडलंय."

मी घाबरून म्हटलं, "सरांकडची लेटरहेडं संपली होती."

"लेटरहेडचं कोण विचारतंय? कापलेलं नाही ना, बस्स. ये आत."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्याला आधी पाणी तर विचारा! यांना माणूस दिसतच नाही मेला, नुसत्या कडा दिसतात."

त्या घरात मी सहा वर्षं राहिलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या गावी पिठाच्या गिरणीवर कामाला. मला शहरात कसं बोलायचं, बँकेत कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, हे काही ठाऊक नव्हतं. ते सगळं मला या दोघांनी शिकवलं. पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली, तेव्हा काकू महिनाभर माझ्यासाठी बिनतेलाचं वेगळं रांधत होत्या आणि काका रोज माझ्या डोळ्यांचा पिवळेपणा तपासून "अजून कडेला आहे, मधला गेला" असं सांगत होते. माणसालाही ते कागदासारखंच बघत.

काका गिरगावातल्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर होते. छापून, पिना मारून आलेल्या पुस्तकांच्या तीन बाजू कापून सारख्या करायच्या, हे त्यांचं काम. नोकरी त्यांनी मध्येच सोडली होती. का सोडली ते काकू सांगत नसत आणि मी विचारत नसे. वाशीला आल्यावर त्यांनी एकच उद्योग लावून घेतला होता. जुनी कॉमिक्स. साठ-पासष्ट सालची मराठी साप्ताहिक चित्रकथांची पुस्तकं, काही इंग्रजी, काही हिंदी. बैठकीच्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात कॉमिक्स आडवी रचलेली, प्रत्येकाला खाकी कागदाचं पाकीट आणि पाकिटावर पेन्सिलीनं दिलेला वर्ग.

हे वर्ग त्यांचे स्वतःचे. शाळेसारखे. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग, काठावर पास, नापास. कोपरे दुमडलेले, पानावर तेलाचा डाग, मुखपृष्ठाला वाळवी लागलेली, असं कॉमिक नापास व्हायचं. पण नापास कॉमिकवर त्यांचा फार जीव. "हा बघ, किती जणांनी वाचलाय," म्हणत ते त्याला हात लावत. या सगळ्यांच्या पलीकडे एक वर्ग होता. त्याचं नाव 'कॉपी केस'. ज्या कॉमिकच्या मळलेल्या, झिजलेल्या कडा मागाहून कुणीतरी कापून टाकल्या आणि त्याला नव्यासारखं करून विकलं, ते कॉमिक कॉपी केस. ते दिसायला पहिल्या वर्गाचं असायचं. काका म्हणायचे, "नापास चालेल. कॉपी चालणार नाही. नापास झालेला निदान पेपर स्वतःचा लिहून आलेला असतो."

पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा मी घाईघाईनं विषय बदलला. का, ते पुढे येईल.

सुरुवातीला मी मोठा गाढवपणा केला होता. आमच्या गावाकडे पुस्तकाचा मान ठेवायचा म्हणजे ते बायंडरकडे द्यायचं. जूनमध्ये नवी पुस्तकं आली की आम्ही मुलं ती घेऊन बायंडरकडे रांग लावायचो. तो पुठ्ठे लावायचा, दोऱ्यानं शिवायचा आणि मग मशीनखाली धरून कडा कापून द्यायचा. त्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवला की आपण शिकतोय असं वाटायचं. काकांकडे राहायला आल्यावर महिनाभरात मी मोठ्या प्रेमानं म्हटलं, "काका, तुमच्या या फाटक्या कॉमिक्सचं बायंडिंग करून आणू का? कडा पण मस्त कापून आणतो."

काका ताट बाजूला सारून उठून गेले. मी काकूंकडे बघत राहिलो.

"घे," काकू म्हणाल्या, "आजची यांची पोळी तू खा. बकरी पाळणाऱ्याला विचारून आलास तू, कापून आणू का म्हणून."

त्यांच्याकडे दर रविवारी करावे गावचा एक रद्दीवाला सायकलवर यायचा. मूळचा खाडीवर मासे मारणारा, आता नव्या वसाहतीतली रद्दी गोळा करायचा. रद्दी विकण्याआधी तो कॉमिक्स वेगळी काढून काकांना दाखवायला आणायचा. ओट्यावर गोणपाट पसरायचा आणि म्हणायचा, "काका, यो बगा. नेरूलच्या बंगल्यातना आयलाय. पानी लागलेला नाय, उंदरानं खाल्लेला नाय. येकदम नवा हाय."

काका बोटाच्या टोकानं उचलायचे. "नवा? याची हजामत झालीय."

"काय बोलताव काका! यो डोला हाय का करवत?"

मग काका त्याला शिकवायला बसायचे. तसं शिकवताना मी कुठल्या मास्तरांना बघितलं नाही. "बघ. जुना कागद कडेकडून आत पिवळा होत येतो, शिळी पोळी कडेनं वाळते तशी. इथे वरून पिवळा, पण खालून आणि उजवीकडून फिका. का? पिवळी कड गेली. आता पिना बघ. दोन्ही पिना मणक्यावर मधोमध असतात. इथे वरची पीन टोकापासून लांब, खालची जवळ. म्हणजे खालून घेतलंय. आता पानाचा आकडा बघ, कसा काठाला येऊन उभा राहिलाय, ढकललं तर पडेल. आणि कोपरे! पंधरा वर्षं माणसांच्या घरात राहिलेल्याचे कोपरे असे टोकदार? माझे गुडघे बघ."

रद्दीवाला खदाखदा हसायचा. "मंग यो परत नेऊ?"

"नाही. ठेव." आणि काका त्याला चांगल्या कॉमिकचा भाव द्यायचे.

हे मला कळायचं नाही. कॉपी केस म्हणून शिव्या द्यायच्या आणि तेच पदरात घ्यायचं. पाकिटावर तारीख घालून ते कॉमिक कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात जायचं. तो कप्पा कुलूपबंद. किल्ली जानव्याला.

एकदा चेंबूरचे एक इंजिनिअर कुणाकडून तरी ऐकून आले. सुटाबुटातले, हातात ब्रीफकेस. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीसेक कॉमिक्स. "माझ्या धाकट्या भावाची आहेत. तो आता नाही. याची काही किंमत होते का, एवढंच बघायचंय. विकायची नाहीत."

काका एकेक कॉमिक घेऊन खिडकीशी जात होते. दुसरा वर्ग. तिसरा. काठावर. शेवटी एक चकचकीत कॉमिक आलं. इंजिनिअर हसून म्हणाले, "हे त्याचं सगळ्यात लाडकं. बघा कसं जपलंय."

काकांनी ते आडवं धरलं. अंगठा कडेवरून फिरवला. परत फिरवला. आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मी खुर्चीवरून उठलो.

"हे कापलंय."

"शक्य नाही. माझा भाऊ कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"त्यानं नाही कापलं. त्याला विकलं तेव्हाच कापलेलं होतं. त्याला नवीन म्हणून दिलं."

"म्हणजे माझा भाऊ बावळट होता असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"भाऊ खरा होता," काका हळू आवाजात म्हणाले. "तो दुकानात गेला तेव्हा समोरचे खोटे होते."

इंजिनिअरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काकांचा इतका राग आला, सांगता येत नाही. गेलेल्या माणसाची एक वस्तू, ती चांगली आहे म्हणायला यांचं काय जात होतं? स्वयंपाकघरात काकूंनी भांडं आपटलं. मग काका म्हणाले, "हे एक मला द्याल? त्याच्या बदल्यात तेच कॉमिक, न कापलेलं, माझ्याकडचं घेऊन जा. पहिला वर्ग आहे." आणि त्यांनी खरोखर कपाटातून स्वतःचं काढून दिलं. इंजिनिअर ते घेऊन गेले. मी थक्क झालो. काका कापलेलं कॉमिक हातात घेऊन जेवणाची वेळ टळेपर्यंत खिडकीशी बसून होते.

आता माझी गोष्ट.

मी एपीएमसी मार्केटजवळच्या एका गोदाम कंपनीत हंगामी कारकून होतो. दोन वर्षं झाल्यावर कायम करायची वेळ आली तेव्हा साहेबांनी सगळ्यांची मूळ कागदपत्रं मागवली. माझं बी.कॉम.चं गुणपत्रक हातात घेऊन ते म्हणाले, "हे खालून कापलेलं दिसतंय. क्रमांक कुठेय?"

मी म्हटलं, "सर, वडिलांनी फ्रेम करून घेतली होती. पदवीचा कागद मिळायला वेळ होता आणि त्यांना धीर नव्हता, म्हणून गुणपत्रकच भिंतीवर लावलं. फ्रेमवाल्यानं बसवण्यासाठी कापलं."

यात खोटं एवढंच होतं की फ्रेमवाल्याला कापायला मी सांगितलं होतं.

साहेब वाईट नव्हते, पण नियमाचे. "तुमच्या राहत्या ठिकाणचा कुणी प्रतिष्ठित माणूस आणा. तुम्हाला ओळखणारा. त्यांनी सांगितलं तर बघू."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छापखान्यात जन्म गेलेला माणूस, कागदाचा असा जाणकार, शिवाय मला घरच्यासारखा मानणारा! मी मोठ्या आनंदानं काकांना घेऊन गेलो. कॉमिकची गोष्ट वेगळी आणि माणसाची वेगळी, असं मी धरून चाललो होतो.

काकांनी धुतलेला सदरा घातला होता. कापडी पिशवीतून फूटपट्टी आणि भिंग काढलं. साहेबांनी अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही यातले. फ्रेमसाठी कापलंय ना हे?"

काकांनी कागद आडवा धरला. अंगठा फिरवला. पट्टी लावली. मी त्यांच्याकडे हसून बघत होतो.

"कापलंय," ते म्हणाले. "पण फ्रेमसाठी नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"फ्रेमसाठी कापणारा दोन्हीकडून सारखं घेतो, नाहीतर मजकूर मधोमध राहत नाही. इथे वरची कड मूळची, डावी मूळची, उजवी मूळची. फक्त खालून घेतलंय. फुलस्केप साडेतेरा इंच असतो, हा तेरा भरतो. अर्धा इंच. म्हणजे चार सूत."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे?"

"म्हणजे खाली काहीतरी होतं." काकांनी पट्टी पिशवीत ठेवली. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "बाकी मुलगा चांगला आहे. तेही मी लिहून देतो."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी मला आठ दिवस दिले. कापलेला भाग आणा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. गुणपत्रक त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

बाहेर पडलो तर कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या. रस्त्यावर सगळी सालं. गावाकडे सगळ्यांना सांगून झालं होतं, पोरगा कायम होतोय म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांवर ओरडलो. "काका, एक शब्द! एक शब्द तुम्ही बोलला असता तर काय झालं असतं? माझी नोकरी गेली!"

काका थांबले. "कॉमिकच्या बाबतीत खरं बोलायचं आणि तुझ्या बाबतीत खोटं? म्हणजे मी तुला कॉमिकपेक्षा खालचा समजायचं का?"

मी सालं तुडवत पुढे चालायला लागलो.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "काय होतं खाली?"

आणि मी सांगितलं. खाली क्रमांक होता आणि क्रमांकाशेजारी शेरा होता. इंग्रजीत. दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण. पहिल्या खेपेला मी अकाउंट्समध्ये नापास झालो होतो. घरी सांगितलं, परीक्षा पुढे ढकलली. सहा महिन्यांनी पास झालो. बाबांनी साखर वाटली आणि तडक फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले. मी फ्रेमवाल्याच्या कानात म्हटलं, खालून जरा कमी करा.

"बाबांना वाचता येतं?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग कुणासाठी कापलंस?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी."

काकूंनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "आता तुम्ही पण सांगा त्याला. किती वर्षं त्या कपाटाला कुलूप घालून बसणार?"

काकांनी जानव्याची किल्ली काढली, खालचा कप्पा उघडला आणि एक कॉमिक माझ्या हातात दिलं. चेंबूरच्या इंजिनिअरांचं. "कडेवरून अंगठा फिरव. हळू."

मला एक बारीक रेघ लागली. केसाएवढी, सगळ्या पानांच्या कडेवरून आडवी गेलेली.

"आता हे." दुसरं कॉमिक. तीच रेघ, त्याच जागी. तिसरं. चौथं.

"मशीनच्या पात्याला एके ठिकाणी बारीक खाच पडली होती," काका म्हणाले. "ते पातं माझं. स्टॉलवरून न विकलेली कॉमिक्स परत यायची. कडा मळलेल्या. मालक म्हणाले, कडेनं एक पट्टी मारा, परत नवी होतात. मी मारली. तीन वर्षं मारली. हे सगळे माझे आहेत."

मी कप्प्याकडे बघत राहिलो. गच्च भरलेला होता. इतके दिवस मला वाटायचं, हा माणूस दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडतो. तो स्वतःच्याच पकडत होता. एकेक शोधून, पुरा भाव देऊन, बाजारातून काढून घेत होता.

"मग सोडलंत कधी?"

"एक म्हातारे गृहस्थ कॉमिक घेऊन छापखान्यात आले. नातवाला वाचून दाखवत होते म्हणे. चित्रातला माणूस काहीतरी बोलतो, त्याच्या फुग्यातला शेवटचा शब्द कापला गेलाय. 'मला आता जायचं आहे ते', आणि पुढे काही नाही. मला विचारलं, तो शब्द काय होता? नातू रोज विचारतोय." काकांनी चष्मा काढला. "मला ठाऊक नव्हतं. मी कॉमिक्स वाचत नव्हतो, कापत होतो. न कापलेली प्रतही जवळपास नव्हती. त्यांना म्हटलं, शोधून सांगतो. दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलो नाही. प्रत मिळाली सहा वर्षांनी. त्यांचा पत्ता मी घेतलाच नव्हता."

"काय होता शब्द?"

"घरी."

काकू पदरानं डोळे पुसत आत गेल्या. काका कॉमिक्स परत पाकिटात घालत म्हणाले, "ती कापलेली पट्टी मिळेल, न मिळेल. दोन वर्षं झाली. पण तू जा आणि बाबांना सांग. नोकरीचं मग बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं मी गावी गेलो. चार दिवसांनी परत आलो आणि साहेबांसमोर ती कापलेली पट्टी ठेवली. खोटं कोण बोललं, कापायला कुणी लावलं, सगळं सांगितलं. साहेबांनी ड्रॉवरमधून गुणपत्रक काढलं, पट्टी खाली लावून बघितली, शेरा वाचला आणि मान वर केली.

"एवढंच?"

"हो सर."

"अहो, दुसऱ्या प्रयत्नातल्यांना आम्ही घेत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? कापलं नसतंत तर ही ओळ मी वाचलीसुद्धा नसती!" मग म्हणाले, "सहा महिने आणखी हंगामी राहाल. खोटं बोलल्याबद्दल. मग बघू."

सहा महिन्यांनी मी कायम झालो. त्याच नोकरीवर माझी बहीण शिकली, माझं लग्न झालं. काका पुढे चार-पाच वर्षांनी गेले. मी बायकोमुलासह काकूंना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला एक खाकी पाकीट दिलं. त्यात गावाहून त्या दिवसांत मी काकांना पाठवलेलं पत्र होतं. पाकिटावर काकांची पेन्सिल होती: 'तिसरा वर्ग. घड्या फार. डाग दोन, पिठाचे. कडा मूळच्या.'

पत्र असं आहे.

तीर्थस्वरूप काका यांस, शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी सुखरूप पोचलो. घरी न जाता आधी गिरणीवरच गेलो, नाहीतर धीर झाला नसता. बाबा दळत होते. गिरणीच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, आधी हा डबा होऊ दे. डबा झाला, मग गिरणी बंद केली. मी सगळं सांगितलं. नापास झालो होतो, परीक्षा पुढे ढकलली नव्हती, ओळ मीच कापायला लावली. ते अंगावरचं पीठ झटकून घरी चालायला लागले. मी मागे. मला वाटलं, आता मला घरात घेत नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी फळीवरचा रेशनकार्डाचा डबा काढला. त्यात एक घडी केलेला प्लॅस्टिकचा कागद, आणि त्याच्या आत ती पट्टी. म्हटलं, ही तुमच्याकडे कशी? तर म्हणाले, "फ्रेमवाला केरात टाकाय निगाला व्हता. म्या म्हटलं, द्या हिकडं. अक्षरं हायती तीवर. पोराच्या शिक्षणाचा कागुद, पायाखाली कसा यिऊ द्यायचा?" काका, त्यांना एक अक्षर येत नाही. जी ओळ त्यांच्यापासून लपवली ती दोन वर्षं त्यांनीच जपून ठेवली होती.

मग म्हणाले, वाच काय ल्हिवलंय. मी वाचलं आणि अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, "म्हंजी दोनदा बसलास व्हय?" मी हो म्हटलं. तर म्हणाले, "मग येकदा बसणाऱ्यापरास जास्तच शिकलास की रं."

गुणपत्रक मी मुंबईला आणलं तेव्हापासून भिंतीवर रिकामी फ्रेम तशीच आहे. बाबा उठले आणि पट्टी तिच्याखाली धरून बघितली. बराच वेळ बघत होते. म्हणाले, "कागुद कशापायी कापायचा? फ्रेम मोठी कराय सांगायची व्हती."

हे तुम्हाला कधी एकदा कळवतो असं झालं म्हणून गिरणीवरच बसून लिहीत आहे. शुक्रवारी निघतो. नोकरीचं काय होईल ते होवो. काकूंना नमस्कार.

आपला,
मागच्या खोलीतला

ता. क. सुताराकडून फूटपट्टी आणून मोजलं. बरोबर चार सूत.